वंशवेल आणि तिच्यावरच्या लेकीसुना

गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपल्या मंडळाच्या दिवाणखान्यात तिळगूळ वाटत असताना माझ्या भाचीने दूरध्वनीवरून मला सांगितले, "मावशी, काल रात्री मी तुला जोडले." मला आधी वाटले, की हिने माझे नाव कुठल्या भिशीत घातले. मग तिने खुलासा केला. संगणकावर एक जगाची सामाईक वंशवेल आहे, तीत तिने आमच्या घराण्याची माणसे एकेक करून चढवली आणि शेवटी मला तिच्या आईच्या शेजारी नेऊन बसवले. "पण एक अडले आहे," ती म्हणाली. "पणजीचे माहेरचे नाव काय?"

मी हातातला तिळगुळाचा डबा खाली ठेवला. पणजोबांचे नाव मला ठाऊक होते, त्यांच्या वडिलांचे ठाऊक होते, त्यांच्याही आजोबांचे श्राद्धात ऐकून ऐकून पाठ होते. पणजीचे सासरचे नावही ठाऊक होते. माहेरचे काही म्हणता काही आठवेना. भोवती पंधरावीस जणी बसल्या होत्या. मी हाच प्रश्न त्यांना टाकला. वडिलांकडच्या पणजीचे माहेरचे नाव आणि आडनाव दोन्ही सांगू शकल्या अवघ्या तिघी. त्यांतल्याही एकीला नंतर शंका आली.

त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यात घोळत राहिला आहे. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा पाककृतीऐवजी हेच लिहायचे ठरवले. संपादक भगिनींनी पाने थोडी जास्त दिली, त्याबद्दल त्यांचे आभार.

वंशावळ जपून ठेवणे हे आपल्याला नवे नाही. नाशिकला पंचवटीत, त्र्यंबकेश्वरी किंवा दूर हरिद्वारला गेले, की तीर्थोपाध्याय गाव आणि आडनाव विचारतात आणि लांबट वही काढून आपल्या खापरपणजोबांची सही दाखवतात, हे आपल्यापैकी पुष्कळ जणींनी पाहिले असेल. कोल्हापूर, सांगली, सोलापूर या भागांत हेळवी येतात. कानडीत 'हेळु' म्हणजे सांगणे, त्यावरून हे नाव पडले. सुगीनंतर हे लोक गावोगाव फिरत. ज्यांचे वंश त्यांच्याकडे नोंदलेले, त्यांच्या दारी बसून ते पिढ्यान्‌पिढ्यांची नावे वाचून दाखवीत, त्या वर्षी जन्मलेल्या मुलांची भर घालीत आणि धान्य घेऊन पुढच्या गावी जात. विसाव्या शतकात कोकणस्थांच्या अनेक घराण्यांनी जाडजूड कुलवृत्तान्त छापून काढले. आणि सर्वांवर कडी केली ती तंजावरच्या भोसल्यांनी. सरफोजीराजांनी १८०३ मध्ये आपल्या वंशाचा सबंध इतिहास बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर मराठीत कोरून घेतला. कागद जळतो, वाळवी लागते. दगडाला काय होणार?

तर नोंदी पुष्कळ आहेत. त्यांत बाई कुठे आहे, एवढेच पाहायचे.

मी मागे नाशिकला गेले होते तेव्हा आमच्या पणजोबांचा लेख पाहिला होता. मोडीतला होता. उपाध्यायांनी वाचून दाखवला. स्वतःचे नाव, वडिलांचे, आजोबांचे, चार भावांचे, दोन मुलांचे. आणि शेवटी, "बरोबर कुटुंब". कुटुंब म्हणजे आमची पणजी. ती गोदावरीत त्यांच्या शेजारी उभी राहून बुडी मारून आली असणार, ओल्या पातळाने रामकुंडाची पायरी चढली असणार, पण वहीत ती 'बरोबर' आली. घराण्याच्या छापील वृत्तान्तातही मुलांची नावे जन्मसालांसह आहेत आणि मुलींपुढे "कन्या २" एवढाच आकडा आहे. सगळेच कुलवृत्तान्त असे नाहीत हे सांगितले पाहिजे. कित्येकांनी सुनांची माहेरे आणि लेकींची सासरे नेटकेपणाने दिली आहेत. आमच्या वृत्तान्ताच्या कर्त्याला मात्र तेवढी सवड झाली नसावी.

गंमत अशी, की शास्त्राप्रमाणे पाहिले तर आईकडचे कूळ माहीत असणे अत्यंत जरुरीचे. विवाह ठरवताना बापाकडून सात आणि आईकडून पाच पिढ्यांपर्यंतचे नाते वर्ज्य, असे स्मृतिकार सांगतात. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने ती मर्यादा पाच आणि तीनवर आणली. आता आईकडच्या पाच पिढ्या टाळायच्या तर त्या कोणाला तरी ठाऊक हव्यात! त्या लिहिलेल्या कुठेच नसत. मग कोण सांभाळी? घरातल्या वृद्ध बायका. स्थळ सांगून आले की ओसरीवर पुरुष पत्रिका पाहत आणि माजघरात एखादी आजी वाती वळता वळता म्हणे, "अगो, ती मुलगी म्हणजे आपल्या अमक्याच्या मावसबहिणीची नात." झाले, स्थळ बारगळले. ती आजी गेली की वहीच जळाली म्हणायची. डॉ. इरावती कर्वे यांनी भारतातल्या नातेसंबंधांवर जो मोठा इंग्रजी ग्रंथ १९५३ मध्ये प्रसिद्ध केला, त्यासाठी त्या प्रांतोप्रांती हिंडल्या होत्या. नात्याचे शब्द आणि विवाहाचे नियम यांवरून एखादा समाज कसा गुंफला आहे हे त्यांनी दाखवले. दक्षिणेकडे सरकावे तसतशी मुलगी ओळखीच्या, नात्यातल्या घरी दिली जाते आणि उत्तरेकडे जावे तसतशी ती परक्या गावी, परक्या घरी जाते. आपला महाराष्ट्र मधोमध. म्हणून आपल्याकडे अनेक जातींत मामाची मुलगी चालते, आतेचा मुलगा चालतो, आणि शेजारच्याच घरात ते ऐकून कानावर हात ठेवतात.

छत्रपतींच्या घराण्यातच पाहा. सईबाई फलटणच्या नाईक निंबाळकरांच्या. त्यांची कन्या सखूबाई दिली ती पुन्हा फलटणलाच, सईबाईंच्या भावाच्या मुलाला, महादजीला. सोयराबाई मोहित्यांच्या. त्यांचे पुत्र राजाराम महाराज, आणि राजारामांच्या राणी ताराबाई या सेनापती हंबीरराव मोहित्यांच्या कन्या, म्हणजे सोयराबाईंच्या सख्ख्या भाच्या. येसूबाई शिर्क्यांच्या, आणि येसूबाईंचे भाऊ गणोजी यांना महाराजांची मुलगी राजकुंवर दिलेली. शाळेच्या पुस्तकातली वंशावळ उभ्या रेघांची असते: शहाजी, शिवाजी, संभाजी, शाहू. तीवरून भोसले, जाधव, निंबाळकर, मोहिते, शिर्के ही घराणी एकमेकांना कशी बांधलेली होती, कोण कोणासाठी धावून का आले आणि कोण का बिथरले, याचा उलगडा व्हायचा नाही. तो आडव्या रेघांवरून होतो, आणि प्रत्येक आडव्या रेघेच्या टोकाला एक मुलगी असते.

त्यात आणखी आपल्याकडची नाव बदलायची रीत. ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीने बायकोचे नवे नाव लिहितो. सोहळा गोड आहे, त्यावर मी आत्ता भांडत बसत नाही. पण संशोधन करणाऱ्याच्या तो मुळावर येतो. कल्याणच्या जोश्यांची यमुना शोधायला गेलात तर सापडायची नाही, ती डॉ. आनंदीबाई जोशी झाली. कुर्लेकरांची यमुना रमाबाई रानडे झाली. गोखल्यांची मनकर्णिका लक्ष्मीबाई टिळक झाली, तांब्यांची मनकर्णिका झाशीची राणी लक्ष्मीबाई झाली. जोश्यांची गोदूबाई आनंदीबाई कर्वे झाली. या थोर स्त्रिया, म्हणून त्यांचे माहेर आपल्याला माहीत आहे. आमच्या पणजीसारख्या लाखो जणींची दोन अर्धी आयुष्ये दोन घरांच्या कागदांत पडून आहेत आणि ती एकाच बाईची आहेत हे सांगणारे कोणी उरलेले नाही.

आता संगणकावरच्या वंशवेलीकडे वळते. भाचीने समजावले तसे सांगते. माझ्यासारख्या पंचाहत्तरी गाठलेल्या बाईला समजले म्हणजे तुम्हाला समजेलच.

अशा वेली दोन जातींच्या. एकीत प्रत्येकाने आपापली वेगळी काढायची, जशी पूर्वी प्रत्येकाची वेगळी वही. दुसरीत सगळ्यांची मिळून एकच. २००७ साली सुरू झालेली 'जेनी' आणि २००८ सालची 'विकिट्री' या दुसऱ्या जातीच्या. अमेरिकेत युटा प्रांतातल्या सॉल्ट लेक सिटी येथे मॉर्मन पंथाच्या लोकांनी १८९४ मध्ये वंशशोधाची एक संस्था काढली होती. आपल्या मृत पूर्वजांनाही पंथाचे संस्कार द्यावेत अशी त्यांची श्रद्धा, म्हणून त्यांना नावांची गरज. १९३८ पासून ते जगभरच्या नोंदवह्यांची सूक्ष्मचित्रे घेत आले. ती ठेवायला त्यांनी डोंगर पोखरून कोठार केले, ते १९६५ मध्ये पुरे झाले. आपल्या हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचीही चित्रे त्यांच्याकडे आहेत. त्या संस्थेच्या 'फॅमिलीसर्च'चीही अशीच एक सामाईक वेल आहे.

सामाईक वेलीचा नियम एकच आणि फार मोलाचा: एका माणसाला एकच जागा. माझ्या आजोबांना माझ्या चुलतभावाने आधीच चढवले असेल तर मी त्यांना पुन्हा चढवायचे नाही, त्याच जागी येऊन मिळायचे. दोनदा चढले असतील तर दोन्ही नोंदी एकत्र करायच्या. आणि 'जोडलेले' कोणाला म्हणायचे? आईबाप, मुले, भावंडे, नवराबायको अशा पायऱ्यांनी चालत चालत त्या मोठ्या वेलीपर्यंत ज्याला पोचता येते त्याला. रक्ताचे नाते हवेच असे नाही, लग्नाचे चालते. येथे मी भाचीला थांबवले आणि पुन्हा विचारले. होय, लग्नाचे चालते. म्हणजे वहीत जी 'बरोबर कुटुंब' होती, तिच्याच खांद्यावरून चालत जाऊन एक घराणे दुसऱ्याला मिळते. ती दोन्ही नावांनी सापडली नाही तर दोन वाडे शेजारी असून मधली भिंत कायम.

यावर शास्त्रज्ञांनी कामही केले आहे. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या 'सायन्स' या नियतकालिकात एक निबंध आला. जेनीवरच्या ८ कोटी ६० लाख नोंदी घेऊन संशोधकांनी त्यांतून १ कोटी ३० लाख माणसांची एकच अखंड वेल बांधली. नोंदी बहुतेक युरोप-अमेरिकेच्या, हे लक्षात ठेवले पाहिजे. त्यात त्यांना दिसले, की जन्मगाव सोडून दुसरीकडे जाण्यात तिकडेही पुरुषांपेक्षा बायकाच अधिक. मात्र त्यांचे अंतर कमी, आणि पुरुष गेला तर दूर जातो. मला हे वाचून हसू आले. जात्यावर बसून आपल्या आज्यांनी हेच तर गाऊन ठेवले आहे! हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखावर ओव्या गोळा केल्या. त्यांत माहेरची वाट, भाऊ, भाऊबीज, आईचे गाव हे जागोजाग आहे. बायकांची वंशावळ कुठे असेल तर ती तेथे आहे.

गणिताचीही एक मौज सांगते आणि पुढे जाते. आईबाप दोन, आजीआजोबा चार, त्यांचे आईबाप आठ, असे दुपटीने गेले तर दहाव्या पिढीत १०२४ पूर्वज होतात, विसाव्यात १० लाख ४८ हजार ५७६, आणि तिसाव्यात १०७ कोटींच्या वर. तीस पिढ्या म्हणजे साधारण साडेसातशे वर्षे, ज्ञानेश्वर माउलींचा काळ. तेव्हा सबंध पृथ्वीवर एवढी माणसे नव्हती. अर्थ उघड आहे. एकच माणूस त्या तक्त्यात अनेक ठिकाणी येऊन बसतो, आणि माझ्या तक्त्यातली माणसे तुमच्याही तक्त्यात असतात. वंशाच्या शुद्धीच्या गप्पा मारणाऱ्यांनी एकदा पाटीपेन्सिल घेऊन ही बेरीज करावी.

असो. पणजीचे माहेर शेवटी सापडले. कसे, ते ऐका.

आमच्याकडे एक तांब्याचे घंगाळे आहे. त्याच्या काठाखाली ठिपक्याठिपक्यांची एक ओळ आहे. ती नक्षी आहे असे आम्ही तीन पिढ्या समजत होतो. मी स्वतः ते चिंचेने शेकडो वेळा घासले आहे. मंडळातल्या एका भगिनीने मोडीचा वर्ग केला होता. ती कोजागिरीला आली असताना तिचे लक्ष गेले आणि ती म्हणाली, "काकू, ही नक्षी नव्हे, मोडी आहे." कासाराने टाचणीसारख्या टोच्याने घातलेली अक्षरे. आम्ही चुना लावून ती उठवली. पणजीच्या वडिलांचे नाव, वाईजवळचे गाव, आणि "कन्येस" असा शब्द. कन्येचे नावही होते, पण आमच्या माहितीतले नव्हे. ते तिचे माहेरचे.

म्हणजे नाशिकच्या वहीने, घराण्याच्या वृत्तान्ताने जे ठेवले नाही ते एका भांड्याने ठेवले. तुमच्या माळ्यावरची भांडी मोडीत घालण्यापूर्वी काठ पाहा, एवढी विनंती मी सर्व भगिनींना करते. मी 'मोडीत घालणे' म्हटले यातला श्लेष आपोआप झाला.

ते नाव आणि गाव भाचीने सामाईक वेलीत शोधले. इंदूरला होळकरांच्या चाकरीत गेलेले एक कुटुंब सापडले. मूळ त्याच गावचे, बापाचे नाव तेच, आणि त्याच नावाची एक मुलगी. तिच्यापुढे काही नाही: ना नवरा, ना सासर, ना मृत्यू. तिकडे ती लेक म्हणून संपली होती आणि आमच्याकडे ती सून म्हणून आईबापांविना सुरू झाली होती. इंदूरच्या सूनबाईंना पत्र लिहिले. त्यांच्याकडे एक जुने पत्र निघाले, त्यात आमचे आडनाव घालून "पुण्याच्या आत्याबाईंना नमस्कार" असे आहे. मग भाचीने दोन्ही नोंदी एक केल्या. एका बोटाच्या दाबासरशी चारशेच्या वर माणसे आमची सोयरी झाली. मी तिच्या शेजारी बसले होते. खरे सांगते, डोळ्यांत पाणी आले. पणजी दीडशे वर्षांनी माहेरी जाऊन आल्यासारखे वाटले.

पण सगळे असे सरळ झाले असे समजू नका. याआधी घाईघाईत भाचीने सासरचे नाव आणि आडनाव जुळते एवढ्यावरून साताऱ्याकडची एक बाई आमची पणजी म्हणून जोडून टाकली होती. चार दिवसांनी त्या घरच्या एका बाईंचे सौजन्यपूर्ण पत्र आले, की आमच्या पणजीबाईंना आपण जो पहिला मुलगा दिला आहे तो त्यांच्या पाचव्या वर्षी झालेला दिसतो, तरी पुनर्विचार व्हावा. जोड उसवावी लागली. आपल्याकडे तीच ती दहा नावे फिरून फिरून येतात; आजीचे नाव नातीला, आजोबांचे नातवाला. म्हणून पुराव्यावाचून जोडू नये. घरी सांगत आले, हा पुरावा नव्हे, ती सुरुवात झाली.

दुसरे, जिवंत माणसांचे. मृतांची नोंद सर्वांना दिसते, पण जिवंतांची झाकलेली राहावी असा या वेलींचा प्रघात आहे आणि तो योग्य आहे. कोणाचे दत्तक, कोणाचा काडीमोड, हे चारचौघांत मांडायला आपण कोण? ज्याचे त्याने ठरवावे. शिवाय ती आणखी एक नवलाची गोष्ट: काही बँका तुमची ओळख पटवायला गुप्त प्रश्न म्हणून आईचे माहेरचे आडनाव विचारतात! घरात ज्याची कोणी विचारपूस केली नाही ते नाव तिजोरीची किल्ली म्हणून चालते. बायकांचे माहेर इतके गुप्त असते, हे बँकवाल्यांनी बरोबर ओळखले.

कायद्याने मात्र हळूहळू डोळे उघडले आहेत. १९९४ मध्ये महाराष्ट्राने आणि २००५ मध्ये साऱ्या देशाने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखाच जन्मतः वाटा दिला. तेव्हापासून वारसनोंदीच्या वंशावळीत लेकी आल्या, मग पुष्कळदा हक्कसोडपत्रावर सह्या करण्यापुरत्या का होईना. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने ठरवले, की १ मे २०१४ पासून पुढे जन्मलेल्यांच्या सरकारी कागदपत्रांत स्वतःच्या नावानंतर आईचे नाव, मग वडिलांचे आणि मग आडनाव यावे. आमच्या शेजारच्या छोकरीचे नाव आता शाळेत चार शब्दांचे आहे. तिच्या पणतीला माझ्याइतकी वणवण पडणार नाही.

तरी रेघांनी सगळेच सांगून होत नाही, हेही लिहिले पाहिजे. मघाशी डॉ. आनंदीबाई जोश्यांचे नाव आले. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई दंतवैद्याकडे वाट पाहत बसल्या असता त्यांनी एका मिशनरी नियतकालिकात गोपाळरावांचे पत्र वाचले आणि आपण होऊन इकडे लिहिले. १८८३ मध्ये आनंदीबाई समुद्र ओलांडून त्यांच्याच घरी उतरल्या. कार्पेंटरबाईंना त्या मावशी म्हणत. १८८६ च्या मार्चमध्ये त्या फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या, वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांचे एकुलते मूल जन्मून दहा दिवसांत गेले होते. वंशवेलीच्या दृष्टीने ती फांदी तेथे संपली. पण त्यांच्या अस्थी अमेरिकेला पाठवल्या गेल्या आणि न्यूयॉर्क प्रांतातल्या पोकीप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या स्मशानभूमीत, त्या घरच्या माणसांत, त्यांचा दगड आहे. ना रक्त, ना लग्न. सामाईक वेलीत या मावशीभाचीला जोडायला कुठली रेघ नाही. कोणी संगणकवाला हे वाचत असेल तर त्याने काढावी.

शेवटी आमच्या आत्याबद्दल.

माझ्या वडिलांची ती आत्या, म्हणजे त्या घंगाळेवाल्या पणजीची लेक. वृत्तान्तातल्या "कन्या २" पैकी एक. सात-आठव्या वर्षी लग्न झाले. सासरी नांदायला जाण्यापूर्वीच, १८९७ च्या प्लेगात, नवरा गेला. तेव्हा ती अकरा वर्षांची होती. त्याच पुण्याजवळ कर्व्यांचा विधवांसाठी आश्रम नुकताच निघाला होता, पण आमच्या घरून तिला तेथे कोणी धाडले नाही. पुढची चौसष्ट वर्षे ती आमच्या घरी आलवणात वावरली. माझे वडील आणि त्यांची भावंडे, मग आम्ही, असे अकरा जणांना तिने न्हाऊमाखू घातले. पानशेतचा पूर १२ जुलै १९६१ चा. त्यानंतरच्या पितृपक्षात ती गेली. मी तेव्हा अकरा वर्षांची होते.

भाचीने विचारले, "मावशी, आत्याचे नाव?" आणि पुन्हा मी गप्प. आम्ही तिला आत्याच म्हणत असू. वडील आत्या म्हणत, आई आत्याबाई म्हणे. माझे नव्वदी ओलांडलेले चुलते आहेत, त्यांना विचारले. ते रागावले. "मूल ना बाळ, तिचे पान वेलीला कुठून यायचे? नको ते कशाला उकरता?" मला वाटले, केशवपनाची, त्या काळच्या वागणुकीची शरम असेल. मी वाद घातला नाही. आठ दिवसांनी त्यांनीच बोलावले आणि देवघरातल्या पेटीतून एक जुने रेशनकार्ड माझ्या हातात ठेवले. साखरेच्या नि धान्याच्या टंचाईतले, कडा उडालेले. त्यावर घरच्या माणसांच्या यादीत सर्वांत शेवटी तिचे नाव आहे. सासरचे आडनाव, ज्या घरी ती एक दिवस नांदली नाही तिथले, आणि पुढे नाते: बहीण. तिच्या हयातीतला तिच्या नावाचा दुसरा कागद आम्हाला मिळालेला नाही.

काकांनी एक अट घातली, नाव छापायचे नाही. म्हणून येथे ते नाही; बायकांची नावे गाळल्याची तक्रार करणाऱ्या लेखात तेच झाले, हे मला दिसते आहे, पण शब्द दिला आहे. वेलीवर घालायला मात्र त्यांनी हरकत घेतली नाही. भाचीने आईवडिलांच्या खाली तिला बसवले, मृत्यूचे साल घातले. तिच्या नवऱ्यासाठी एक रिकामी चौकट ठेवली आहे. तो मुलगा चौदा वर्षांचा होता, एवढेच काकांना ठाऊक आहे.

परवा इंदूरच्या सूनबाईंचे पत्र आले. वेलीवर नवी नोंद पाहिली, या आत्या कोण, कशा होत्या, त्यांना काय आवडत असे, असे त्यांनी विचारले आहे. आत्याच्या आईचे ते माहेर, तेव्हा त्यांचा हक्कच आहे. उत्तर अजून लिहायचे आहे. तिच्यासारखा साखरभात आमच्या घरात पुन्हा कोणाला जमला नाही आणि ती स्वतः तो सणावारीही खात नसे, येथून सुरुवात करावी म्हणते.